शिकारी सापडतो, व्यापारी सुटतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वन्यजीव कायदा होऊन पन्नास वर्षं उलटली, आंतरराष्ट्रीय करारही तितकाच जुना, दिल्लीत या कामासाठी वेगळा ब्युरो, व्याघ्र प्रकल्पांत हत्यारबंद जवान. एवढं असून विदर्भातल्या वाघाची हाडं म्यानमारपर्यंत पोचतात कशी? सरकार नेमकं करतं काय? शिवाय शेवटी एक घरगुती शंकाही आहे: वाड्यात पणजोबांच्या वेळचं वाघाचं कातडं आहे, त्याचं काय करायचं? तिच्याकडे शेवटीच येतो.

मी वनक्षेत्रपाल म्हणून लागलो आणि सहायक वनसंरक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी बहुतेक विदर्भातच झाली. त्यामुळे हे उत्तर मंत्रालयातून दिसतं तसं नाही, रेंज ऑफिसच्या टेबलावरून दिसलं तसं आहे.

सरकार काहीच करत नाही, हे खरं नाही. पण जे करतं त्यातलं बरंचसं साखळीच्या पहिल्या कडीवर होतं, म्हणजे जंगलात सापळा लावणाऱ्या माणसावर. त्याच्या पुढच्या कड्या, म्हणजे माल गोळा करणारा, शहरातला व्यापारी, सीमेपार नेणारा, पैसे फिरवणारा, यांच्यापर्यंत जायला बंदूक लागत नाही, दप्तर लागतं. आणि आपलं दप्तर कच्चं आहे.

आधी सापळ्याबद्दल सांगतो, कारण फार लोकांनी तो पाहिलेला नसतो. लोखंडाचे दोन जबडे, मध्ये पाय पडायची पट्टी, खाली जाड स्प्रिंग, साखळी आणि ती जमिनीत ठोकायचा खुंटा. एवढंच. तो मातीत पुरून वर पालापाचोळा पसरला की दोन हातांवरूनही दिसत नाही. माझ्या हद्दीत पहिला सापडला तो मे महिन्यात, पाणवठ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर. माझ्याबरोबरचा कोरकू वनमजूर एकदम थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे खडे कोणी मांडले?" मला खडे दिसत होते, पण ते मांडलेले आहेत हे कळत नव्हतं. वाघ टोकदार खड्यावर किंवा वाळल्या काटकीवर पाय टाकायचं टाळतो. म्हणून बाकी वाटेवर खडे टाकून त्याचा पंजा नेमका मोकळ्या जागी पडेल अशी व्यवस्था केलेली होती. पुढचं सांगवत नाही. कातड्याला भोक पडू नये म्हणून अडकलेल्या वाघावर गोळी झाडत नाहीत, तोंडात भाला खुपसतात. गोळीचा आवाज नाही की वणव्याचा धूर नाही, गस्तीला ऐकू येईल असं काहीच नाही. मेटल डिटेक्टर घेऊन पाणवठ्यांच्या वाटा तपासायची पद्धत त्यामुळेच आली. पावसाळ्यात पर्यटन बंद आणि रस्ते चिखलात रुतलेले, तेव्हा खास गस्त ठेवतात तीही त्यामुळेच.

हे काम करणाऱ्या काही टोळ्या बहेलिया म्हणून ओळखल्या जातात, त्यातल्या बऱ्याच मध्य प्रदेशातल्या कटनी भागातल्या. इथे एक सांगून ठेवतो, कारण दर वेळी यावरून घोळ होतो. टोळी गुन्हेगार असते, जमात नसते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये पुसला गेला, पण चौकी-चौकीवर तो अजून मनात आहे. पारध्यांचं एक पाल दिसलं की सगळ्यांना उचलून आणायचं, याने खबर मिळत नाही, उलट होता तो खबरीही तुटतो. माझे सगळ्यात चांगले माग काढणारे याच लोकांतले होते.

आता मेळघाट. २०१३ मध्ये ढाकणा भागात वाघाची शिकार झाल्याचं उघड झालं. नेहमीसारखं असतं तर दोघंतिघं पकडले गेले असते, वर्तमानपत्रात कातड्यासोबत फोटो आला असता आणि विषय संपला असता. त्या वेळी वेगळं झालं ते असं की तपास करणाऱ्यांनी मोबाइलच्या नोंदी मागवल्या. कोणाचा फोन कोणत्या टॉवरखाली कोणत्या रात्री होता, तिथून कोणाला लागला, तो माणूस पुढे कुठे गेला. हे धागे जोडत गेल्यावर एका वाघाचा गुन्हा एका वाघाचा राहिला नाही. विदर्भातल्या आणखी शिकारी बाहेर आल्या, कटनीच्या टोळ्या आल्या, आणि दिल्ली-हरियाणाकडे माल घेणारे व्यापारीही आले. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं, काहींना शिक्षा झाल्या. मेळघाटचा वन्यजीव गुन्ह्यांचा सायबर सेल याच कामातून पुढे आला आणि नंतर दुसऱ्या राज्यांनाही त्याची मदत झाली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्र वनखात्याने या विषयात केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच. त्याला खर्चही फारसा नाही: दोन संगणक आणि रात्र-रात्र बसून आकडे वाचणारी चार माणसं.

आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याजवळ पुन्हा त्याच धाटणीची टोळी सापडली. राज्याने विशेष तपास पथक नेमलं. धागे मेघालय, मिझोराममार्गे म्यानमारपर्यंत गेले, पैसा बँक खात्यांतून आणि हवालातून फिरल्याचं दिसलं. म्हणजे बारा वर्षांत रस्ता बदलला, धंदा बदलला नाही. पूर्वी माल नेपाळमार्गे तिबेटकडे जायचा, आता ईशान्येकडून निघतो. बाजार तोच, चीन आणि आग्नेय आशिया. पूर्वी कातड्याला भाव होता, आता हाडांना जास्त आहे. हाडं पोत्यात भरून कुठल्याही पार्सलात जातात आणि ती वाघाची की बैलाची, हे रेल्वे पार्सल ऑफिसातल्या कारकुनाला कळायचा प्रश्नच नाही.

सरकारी यंत्रणा उभी कशी राहिली तेही पाहू. आपल्याकडे ती नेहमी अपघातानंतरच उभी राहते. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं समोर आलं. कागदावर होते, जंगलात नव्हते. सीबीआय चौकशी झाली, पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं, आणि २००६ मध्ये कायदा दुरुस्त करून दोन संस्था झाल्या: राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो. पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशांवरून, वाघ मोजायची जुनी रीत गेली, कॅमेरा ट्रॅप आले. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ निघाले, २०२२ च्या गणनेतला अंदाज ३,६८२ चा, त्यात महाराष्ट्रात ४४४. आकडा वाढला म्हणून शिकार थांबली, असं कोणी म्हणू नये. वाघ वाढले म्हणजे दुकानात माल वाढला, असंही कोणी बघतो.

ब्युरोबद्दल लोकांच्या फार मोठ्या कल्पना असतात. मुख्यालय दिल्लीत, प्रादेशिक कार्यालयं मोजकी, त्यातलं एक मुंबईत. बहुतेक अधिकारी इतर खात्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात, काम कळायला लागलं की परत जातात. ब्युरोचं खरं काम छापे घालणं नाही. ते आहे माहिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचवणं, सीमाशुल्क खात्याला जप्त माल ओळखून देणं, आणि इंटरपोलशी बोलणं. त्यांच्या काही मोहिमा चांगल्या झाल्या. कासवांच्या तस्करीवर ‘ऑपरेशन सेव्ह कूर्म’ झालं, २०१९ मध्ये मुंगसाच्या केसांचे ब्रश बनवणाऱ्यांवर ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ झालं. चित्रकला शिकणाऱ्या पोरांच्या कंपासपेटीत मुंगूस असतं, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं.

आंतरराष्ट्रीय करार म्हणजे साइट्स. मार्च १९७३ मध्ये वॉशिंग्टनला त्यावर सह्या झाल्या, १९७५ पासून तो लागू आहे, भारत १९७६ मध्ये त्यात आला. तो कोणाला पकडत नाही. कोणत्या प्राण्याचा व्यापार बंद आणि कोणत्याचा परवान्याने, याच्या याद्या करतो. खवले मांजराच्या आठही जाती २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत सगळ्यात कडक यादीत गेल्या, आपलं तारांकित कासव २०१९ मध्ये जिनिव्हात गेलं. यादीत नाव आलं की कोकणातल्या माळावरून खवले मांजर उचलणारा घाबरतो असं नाही. पण दुसऱ्या देशाच्या विमानतळावरचा अधिकारी ‘आमच्याकडे हा गुन्हा नाही’ असं म्हणू शकत नाही, हा त्याचा उपयोग. वन्यजीव गुन्हे रोखायला दक्षिण आशियातल्या देशांचं सावेन नावाचं जाळं आहे, २०११ पासून. कागदावर उत्तम आहे. माझ्या पूर्ण नोकरीत त्यातून आलेली एकही माहिती माझ्या टेबलापर्यंत पोचली नाही. आणखी वर कुठे पोचली असेल तर चांगलंच.

तस्करी फक्त बाहेर जाते असं नाही, आतही येते, आणि सध्या हा प्रवाह जास्त जोरात आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मोज्यांत बांधलेले साप, डब्यातले सरडे आणि पाली सापडतात. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप निघाले, त्यांत शेपटीला कोळ्यासारखा गोळा असलेले तीन दुर्मीळ साप होते. हे सगळं हौशी लोकांसाठी. घरात अजगर पाळायची हौस पुण्या-मुंबईत आहेच, आता तालुक्याच्या गावीही पोचली आहे. पूर्वी विदेशी प्राणी विमानतळाबाहेर पडला की कायदा जवळजवळ आंधळा व्हायचा, कारण १९७२ चा कायदा देशी प्राण्यांचा. २०२२ च्या दुरुस्तीने ती फट बुजवली. कायद्यातल्या याद्या, म्हणजे अनुसूची, सहाच्या चार झाल्या, त्यातली चौथी साइट्सच्या प्राण्यांची. १ एप्रिल २०२३ पासून हे लागू झालं आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे जिवंत प्राणी ठेवणाऱ्याला नोंदणी करावी लागते. पकडलेला प्राणी मूळ देशात परत पाठवायचा असतो. हे लिहायला सोपं आहे. रात्री दोन वाजता बॅगेतून निघालेले चाळीस साप सकाळपर्यंत कोणी, कुठे, कोणत्या तापमानाला ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी तिथल्या दोन-तीन माणसांच्या जिवावर सुटतो.

आता दप्तर. इथे थोडा वेळ घेतो, कारण माझं म्हणणं इथेच आहे.

वन्यजीव कायद्यातली ताकद कमी नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याची शिकार किंवा व्यापार केला तर किमान तीन वर्षं, कमाल सात. वनाधिकाऱ्याला कलम ५० खाली झडती, जप्ती, अटक सगळं करता येतं. सहायक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा न्यायालयात ग्राह्य धरता येतो, ही सोय पोलिसांनासुद्धा नाही. ताब्यात माल सापडला तर तो बेकायदा नाही हे आरोपीने दाखवायचं. मग आरोपी सुटतात कसे?

माझीच एक केस सांगतो. एका बसस्थानकावर बिबट्याचं कातडं घेऊन दोघं सापडले. आम्हीच बनावट ग्राहक पाठवला होता, जप्ती स्वच्छ झाली, फोटो निघाले, पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, फाटली. नमुना तपासणीला पाठवायचा तर फॉर्म हवा, फॉर्मवर वरिष्ठांची सही हवी, वरिष्ठ दौऱ्यावर. मग मार्चअखेरीची घाई. नमुना निघाला तो चाळीस दिवसांनी. अहवाल आला: बिबट्याच. खटला उभा राहिला सहा वर्षांनी. आरोपीच्या वकिलाने कातड्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याने फक्त इतकंच विचारलं, "हे चाळीस दिवस मुद्देमाल कुठे होता?" मी सांगितलं, रेंज ऑफिसच्या कपाटात. "नोंदवही?" नोंदवहीत नोंद नव्हती. "लाखेच्या सीलचा नमुना पंचनाम्याला जोडला आहे का?" नव्हता. "पंच तुमच्याच खात्याचे रोजंदारी मजूर होते ना?" होते. रात्री नऊ वाजता बसस्थानकावर दुसरं कोण पंच व्हायला तयार होतं? पण न्यायालयाला त्याचं काय. दोघंही सुटले. त्या दिवसापासून मी लाखेची कांडी, सील आणि कोरे पंचनामे जीपच्या खणात ठेवायला लागलो. पोरं हसायची.

दुसरी अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. वनगुन्ह्याचा खटला पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चालत नाही, अधिकाऱ्याच्या फिर्यादीवर चालतो. त्यामुळे साक्षीदार आरोप ठेवण्याआधी एकदा तपासले जातात आणि नंतर पुन्हा एकदा. तोवर वनरक्षकाची तीन वेळा बदली झालेली असते, वनपाल निवृत्त होऊन गावी शेती करत असतो, आणि गावातला पंच म्हणतो, मला काही आठवत नाही. तारखेला जायला प्रवासभत्ता मिळतो, पण दोन वर्षांनी. सरकारी वकिलाकडे त्या दिवशी खून, बलात्कार, दरोड्याच्या फायली असतात. बिबट्याची फाईल ढिगाच्या तळाशी असते.

म्हणून कोणी मला विचारलं की सरकारने काय करावं, तर मी ड्रोन आणि बुलेटप्रूफ गाड्यांआधी तीन गोष्टी मागेन: प्रत्येक वनवृत्तात फक्त वन्यजीव खटले पाहणारा एक वकील, नमुना आठ दिवसांत स्वीकारून महिन्यात अहवाल देणारी प्रयोगशाळा, आणि आरोपीच्या बँक खात्याकडे पाहायची सवय. तिसरी सगळ्यात अवघड आहे. वन्यजीव गुन्हे मनी लाँडरिंग कायद्याच्या यादीत आहेत, पण रेंज ऑफिसातून सक्तवसुली संचालनालयाकडे पत्र लिहायचं तर कोणाच्या नावे लिहायचं, इथपासून सुरुवात असते. वाघाचा व्यापारी तुरुंगाला फारसा घाबरत नाही, जामीन होतो हे त्याला माहीत असतं. घर आणि गाडी जप्त झाली की मात्र त्याची झोप उडते.

मागणीच्या बाजूने एकच उदाहरण देतो. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमधल्या सांगसांग इथे एका खेपेत ३१ वाघांची, ५८१ बिबट्यांची आणि ७७८ पाणमांजरांची कातडी पकडली गेली. ती मुख्यतः तिथल्या सणावारी घालायच्या पारंपरिक पोशाखांना काठ लावायला जात होती. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या कालचक्र या बौद्ध सोहळ्यात दलाई लामांनी या कातड्यांची लाज वाटते असं म्हटलं. त्यानंतर तिबेटमध्ये लोकांनी आपले महागडे झगे चौकात आणून जाळले. दहा वर्षांच्या छाप्यांनी न झालेलं काम काही आठवड्यांत झालं. कातड्यांचा भाव तिथे पडला. हाडांच्या औषधाबाबत असं कोणी अजून करू शकलेलं नाही. चीनने वाघाच्या हाडांचा व्यापार १९९३ मध्ये बंद केला, पण श्रद्धा सरकारी आदेशाने बंद होत नाही. आपल्याकडे मांडुळाचं काय आहे? ‘डबल इंजिन’ म्हणत दोन तोंडांच्या सापाने पैशाचा पाऊस पडतो म्हणून लाखोंचे सौदे होतात, आणि पकडलेल्यांत शिकलेले लोक निघतात.

आणि सगळी शिकार तस्करीसाठी होत नाही, हेही लक्षात असू द्या. विदर्भात रानडुकरापासून पीक वाचवायला शेताला वीज सोडतात, त्यात वाघ मरतो. मग घाबरून कोणी त्याला पुरतो, आणि कोणीतरी नखं काढून ठेवतो. हा शेतकरी आणि राजुऱ्याची टोळी एकाच कलमाखाली येतात, पण दोघांवरचा उपाय एक नाही. पहिल्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळाली आणि सौर कुंपण मिळालं तर निम्मे प्रसंग टळतील.

कुठे संशयास्पद काही दिसलं, जंगलालगत अनोळखी लोकांचं पाल, मांडुळाचा सौदा, इंटरनेटवर कासव विक्रीला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतः ग्राहक बनून फोन करू नका. असे ‘तपास’ करणारे उत्साही लोक आमचा माल आणि आरोपी दोन्ही पळवून लावतात.

आता तुमच्या पणजोबांचं कातडं. पहिली गोष्ट, ते विकायचा, भेट द्यायचा किंवा दिवाणखान्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकायचा विचार सोडा. १९७२ आधीचं असलं तरी जुनं आहे म्हणून चालत नाही, मालकी प्रमाणपत्र लागतं. जुना साठा जाहीर करायची शेवटची मोठी संधी २००३ मध्ये दिली होती. तेव्हा वडिलांनी किंवा आजोबांनी अर्ज केला असेल तर तो कागद बहुधा जमिनीच्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात असेल, आधी तिथे शोधा. प्रमाणपत्र असेल आणि वारसाने कातडं तुमच्याकडे आलं असेल, तर वारसा मिळाल्यापासून नव्वद दिवसांत तसं कळवायचं असतं. ठेवायचं नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने ते स्वेच्छेने परत करायची सोय आहे, मोबदला मिळत नाही. कागद नसेलच तर एखाद्या वन्यजीव खटले लढवलेल्या वकिलाला बरोबर घेऊन उपवनसंरक्षकांना लेखी कळवा, पोच घ्या, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत कातडं जागचं हलवू नका.

लॉकेटातली नखंही नीट तपासून घ्या. माझ्याकडे जप्त होऊन आलेल्या ‘वाघनखां’पैकी बरीच बैलाच्या शिंगाची कोरलेली निघायची. वर सोनं मात्र खरं असायचं.